जाड तारेचा फ्यूज

कुणी विचारत नाही, म्हणून मीच बोलतो. मी फ्यूज. परळच्या एका चाळीतला, पहिल्या मजल्यावर जिन्याजवळच्या भिंतीत बसवलेला. अंग चिनी मातीचं, पोटात बारीक तार. आठ खोल्यांची वीज माझ्यातून जाते. भार झेपेनासा झाला की माझी तार वितळते, वीज बंद होते आणि भिंतीतल्या वायरी वाचतात. जळणं हेच माझं काम, आणि त्याच कामासाठी आयुष्यभर शिव्या खाल्ल्या. "मेला परत उडाला" हे इतक्यांदा ऐकलंय, की तेच माझं नाव असावं.

मला इथं बसवलं तेव्हा खोलीत एक बल्ब, एक पंखा, फार तर टीव्ही. मी निवांत होतो. मग फ्रिज आले, गिझर आले, आणि हल्ली दहा बाय बाराच्या खोलीत एसी. नावं कुणाला ठेवू? मे महिन्यात भिंती तापतात, माणसं तरी काय करणार.

पण ह्या मजल्यावरच्या बायका हुशार. चार नंबरच्या सुभद्रानं तोडगा काढला. ज्याचा एसी, गिझर किंवा इस्त्री चालू, त्यानं दाराच्या कडीला पंचा अडकवायचा. मजल्यावर तीन पंचे दिसले की चौथ्यानं थांबायचं. "माया गो, मी पंचो काढलंय, आता तुझी पाळी," अशी तिची हाक मला रोज ऐकू यायची. तीन उन्हाळे मी एकदाही उडालो नाही.

हे सगळं मुख्यतः सात नंबरच्या आनंदीबाईंसाठी. मिलच्या वाइंडिंग खात्यात पंचवीस वर्षं कापसाचे तंतू नाकातोंडात गेले, आता फुफ्फुसं साथ देत नाहीत. नाकाला नळी, नळीला घरघरणारं ऑक्सिजनचं मशीन. मशीन बंद पडलं की त्यांचा जीव घाबरा होतो, हे अख्ख्या मजल्याला ठाऊक.

तरी यंदा बुद्धपौर्णिमेला घोळ झालाच. घरोघर पाहुणे, पांढऱ्या कपड्यांना इस्त्री, वर दुपारचं ऊन. पंचे मोजायला सवड कुणाला? पाच लागले आणि मी जळलो. आनंदीबाईंची सून माया खिरीचा डाव टाकून धावली, पाठोपाठ सगळा मजला. सुभद्रानं पाठ चोळली, कुणी पुठ्ठ्यानं वारा घातला, कुणी खोल्याखोल्यांत जाऊन एसीची बटणं बंद केली. बारा मिनिटांनी वीज आली. आनंदीबाई वाचल्या, पण ओठ निळे पडले होते.

त्यांचा मुलगा जगदीश समोरच्या टॉवरमध्ये लिफ्टमन आहे. बिचारा पुरता हादरला. इथं प्रत्येकाला थोडंथोडं वायरिंग येतं, आणि तेच नडतं. त्यानं माझी बारीक तार फेकून दिली आणि तांब्याची जाड तार तीनपदरी पिळून माझ्या पोटात कोंबली. "आता बघतो कसा उडतोस," म्हणाला. आईच्या मायेपोटीच केलं हो त्यानं. पण तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागलाय.

मी उडत नाही म्हटल्यावर पंचे गेले धुवायला. परवा दुपारी सहा एसी एकदम चालू होते. माझ्यामागची वायर इतकी तापली की भिंतीचा रंग फुगला. मला धड जळताही येईना. आग लागली तर ह्या लाकडी जिन्यावरून आनंदीबाईंना खाली कोण आणि कसं नेणार?

वास पहिल्यांदा त्यांनाच आला. मिलमधल्या जळक्या मोटारींचा वास त्या विसरल्या नव्हत्या.

"जगदीश, वायर करपतेय रे. ती बारीक तारच घाल."

"आये, मग परत मशीन बंद पडेल."

"पडू दे. पडलं तेव्हा धावत आलेच ना सगळे?"

जगदीशनं भिंतीचा फुगलेला रंग चाचपून पाहिला. मग म्हणाला, "रविवारी सुट्टी आहे. बघतो."

आज गुरुवार. जगदीश आणि माया कामावर गेलेत. बारा वाजता पुन्हा सगळे एसी सुरू झाले, पुन्हा तोच वास. आनंदीबाई खाटेवरून उठल्या, भिंत धरत धरत गेल्या आणि त्यांनी स्वतःचं मशीन बंद केलं. तेवढाच भार हलका, असं वाटलं असेल.

अहो, केवढासा तो भार. सहा एसींपुढे खिजगणतीतही नाही. ज्यांनी बंद करायचं ते दारं लावून गारव्यात झोपलेत आणि ही म्हातारी उंबऱ्यात बसून तोंडानं श्वास ओढतेय. हाक मारायचीही ताकद तिच्यात उरलेली नाही.

जगदीश, रविवार फार लांब आहे रे बाबा. आत्ताच्या आत्ता ये आणि ही जाड तार काढ. मला जळू दे. मी जळलो तरच ही दारं उघडतील.