घसरलेला वजीर

छापखाना विरुद्ध इस्पितळ हा ऑनलाइन बुद्धिबळाचा सामना दोन-दोन असा अडला होता. पाचवा, शेवटचा डाव बांधणी खात्यातल्या मावशींकडे होता. जेवणाच्या सुट्टीत मुद्रितशोधकांच्या खोलीत सगळे त्यांच्या खुर्चीमागे दाटीवाटीनं उभे होते. समोर कोण बसलंय, कुणालाच ठाऊक नव्हतं. पडद्यावर टोपणनाव दिसत होतं, ‘रक्ततपासनीस’. डाव सुरू होताना त्यानं ‘नमस्कार, मजा येऊ दे’ असं लिहिलं होतं, एवढीच काय ती ओळख.

डाव बरोबरीत चालला होता. मावशींची दोन मिनिटं उरली होती. तेवढ्यात त्याचा वजीर सरकला आणि थेट मावशींच्या घोड्याच्या तोंडी येऊन थांबला.

खाली अक्षरं उमटली, ‘माउस घसरला. एक घर पुढे न्यायचा होता. असो, माझीच चूक. खेळा.’

“मारा, मावशी!” मशीनवाला ओरडला. “हातातोंडाशी आलाय घास!”

मावशींचा हात हलेना. “अरे, त्यानं तो डोक्यानं नाही दिलेला.”

“मग काय परत देणार? आमच्या चौघांच्या डावांवर पाणी?”

“घड्याळ बघा,” मुद्रितशोधक बाई हळूच म्हणाल्या. पन्नास सेकंद गेले होते.

मावशींनी आपलाच वजीर उचलून त्याच्या हत्तीपुढे नेऊन ठेवला. “माझा तो घेईल, त्याचा मी घेते. फिट्टंफाट.”

मशीनवाल्यानं शाईच्या हातानं कपाळ बडवलं.

हत्तीनं वजीर मारला. आणि मग मावशींना दिसलं, त्याच हत्तीनं त्यांच्या राजाला शह बसला होता! आता आधी राजा हलवणं भाग होतं, आणि तेवढ्यात तो आपला वजीर घेऊन पसार होणार.

“बसा आता,” मशीनवाला म्हणाला.

मावशींनी राजा बाजूला घेतला. समोरून चाल येईना. अर्धं मिनिट गेलं.

“विचार कसला करतोय? पळव की एकदाचा,” कुणीतरी पुटपुटलं.

मी त्याच्या जागी असते तर पळवला असता का? मावशींनी स्वतःला विचारलं, आणि उत्तर काही त्यांना आवडलं नाही.

शेवटी कडेचं प्यादं एक घर पुढे आलं. वजीर होता तिथेच. खाली एकच शब्द होता, ‘घ्या.’

मावशींनी घेतला. नंतरचा खेळ दोघांनी जिवाच्या आकांतानं खेळला. दया कुणी दाखवली नाही. मावशींचे सहा सेकंद उरले असताना त्याचं प्यादं शेवटच्या घरात पोचून वजीर झालं. छापखाना हरला.

“पुढच्या वर्षी माझं नाव घालू नका,” मावशी म्हणाल्या. मशीनवाला निघून गेला.

त्या उठणार तोच पडद्यावर आलं, ‘बाई आहात की बुवा, माहीत नाही. पण उद्या एक डाव खेळाल? सामना नको, असाच.’

मावशींनी दोन बोटांनी अक्षर-अक्षर शोधत लिहिलं, ‘सव्वा वाजता बसते.’

मशीनवाला तीन दिवस त्यांच्याशी बोलला नाही. चौथ्या दिवशी सव्वा वाजता, मावशींचा रोजचा डाव सुरू होताना, डबा घेऊन आला आणि मुकाट्यानं खुर्चीमागे उभा राहिला.