ताईची वीत

दुकानदाराने पिवळाधम्मक, चकचकीत दोर माझ्यापुढे टाकला. "हा घे पोरी. म्हैस बांध, ट्रॅक्टर ओढ, काही बी कर."

"काका, ग्लासभर पाणी द्या."

"तहान लागली काय?"

"मले नाही, दोराले."

तो हसला, पण पाणी दिलं. मी दोराचा तुकडा ग्लासात टाकला. तरंगला! म्हणजे तोच तो, उन्हात तडकणारा, घासला की वितळणारा. पांढरा नायलॉन बुडाला, पण खांबाला अडकवून अंग टाकून ओढला तर रबरासारखा लांबला. बाबांनी झाडावरून कापलेली फांदी त्याला लटकवली तर ती हिंदकळत खालच्या घरावरच जायची. शेवटी कोपऱ्यातलं पॉलिस्टरचं वेटोळं काढायला लावलं. बुडतो, फारसा ताणत नाही, आणि वीण आतून पोकळ. दोन्हीकडून दाबली की मासोळीच्या तोंडासारखी उघडते.

"हाच!" मी म्हणाले. मागच्या वर्षी याच दुसरबीडच्या दुकानात मी ताईच्या पाठीमागे लपून उभी होते. आज एवढं तोंड उघडून बोलले, तर बघायला ताईच नाही.

आमचे बाबा घरांवर झुकलेली झाडं उतरवतात. कापलेली फांदी ते धाडकन पाडत नाहीत. बुंध्याला एक आखूड, जाड दोर बांधतात, त्याला कप्पी लटकवतात, आणि कप्पीतून दुसरा दोर घालून फांदी हळूच खाली सोडतात. त्या आखूड दोराला आम्ही गळपट्टा म्हणतो. त्याच्या टोकाला कप्पी अडकवायला डोळा लागतो, म्हणजे दोराचंच कडं. गाठ मारून चालत नाही, गाठीत दोराची ताकद मरते. म्हणून टोक वळवून दोराच्याच पोटात ओवायचं. ही गुंफण ताई मोबाईलवर बघून शिकली होती. वैशाखात तिचं लग्न झालं, ती वाशीमला गेली. आता तिने केलेला गळपट्टा घासून लोकरीसारखा झाला होता.

"बीबी गावचं काम हाय, शिरसाचं झाड," बाबा म्हणाले. "तुह्यानं जमला तर चढतो. नाही तर त्यायले नाही म्हणून सांगतो."

"जमते बाबा! त्यात काय!"

शाळेला दिवाळीची सुट्टी होती. आई कापूस वेचायला गेली होती. मी एकटीच ओसरीत बसले. टीव्हीच्या जुन्या अँटेनाची नळी हीच आमची सुई. टोकाचे काही पदर कापून ते उंदराच्या शेपटीसारखं निमुळतं केलं, नळीत बसवलं, दोराच्या पोटात सहा वीत ओवलं. सहा वीत, हे ताईने मला पाठच करवलं होतं. मग दोर ताणून चोळत न्यायचा असतो, आणि त्याला दुसरं माणूस लागतं. पहिले ताई चोळायची, मी धरायचे, आणि आम्ही अख्ख्या गल्लीच्या नकला करायचो. आता दुसरं टोक खिडकीच्या गजाला बांधलं. गजाने दोर चांगला धरला. मी शेजारच्या झुंबरबाईची नक्कलही केली. गज काही हसला नाही.

डोळ्याच्या तोंडाशी पेनाने खूण करून गळपट्टा बाबांना दिला. त्यांनी तो निंबाला बांधला, वाळूची पोती लटकवली, उचलून चार वेळा झटका दिला. मग डोळे बारीक करून पाहिलं. खूण दोन बोटं बाहेर सरकली होती.

"वा म्याडम!" बाबांचा जोडीदार कुलदीपदादा म्हणाला. "गळपट्टा हाय का गोगलगाय? चालून राह्यला ना!"

बाबा हसले नाहीत. "मी फोन करून नाही म्हणतो," ते म्हणाले.

"आजचा दिवस थांबा ना बाबा. फक्त आजचा."

मी घरात येऊन ताईला फोन लावला.

"ताई, गुंफण निसटली वं. सहाच वीत घातली होती."

"कोणाच्या हाताची?"

"माह्या."

"अवं येडे! तुहा हात केवढासा! माह्या हाताची सहा."

"मंग तुहा हात कुठून आणू?"

पलीकडे मिक्सर सुरू होता. कोणीतरी तिला हाक मारली. "थांब, करते तुले," म्हणाली, आणि फोन बंद.

केला नाही.

मग मी ताईचा जुना गळपट्टा खुंटीवरून काढला. तिने शाळेच्या गणवेशाच्या निळ्या दोऱ्याने टाके घातले होते. ते उसवले, आणि तिने ओवलेलं टोक हळूहळू बाहेर ओढलं. बाहेरून दोर मातकट, केसाळ झालेला. आतलं टोक मात्र पांढरंशुभ्र, जसंच्या तसं. मी वीत टाकत गेले. माझी सात भरली. ताईच्या हाताचं माप मिळालं, पण तिची गुंफण उरली नाही. पुन्हा ओवायचा प्रयत्न केला, तर केसाळ वीण उघडेचना.

नव्या दोराची गुंफण उकलून तो पुन्हा ओवला, सात वीत. टाके तसेच घातले, निळ्या दोऱ्याने. गजाने धरलं. नकला केल्या नाहीत.

बाबांनी पुन्हा पोती लटकवून झटके दिले. खूण जागची हलली नाही.

"आत किती घातलं?"

"सात वीत."

"सहा असते ना?"

"ती ताईची. माही सात."

बाबा थोडा वेळ निळ्या टाक्यांवर बोट फिरवत राहिले. "बरं. मंग आतापासून सातच."

मला उड्या माराव्याशा वाटल्या. मारल्या पण! मग निंबाखाली उभी असताना मनात आलं, की ताईची सहा आता आपल्या घरात कोणी मोजणार नाही.

बीबीला बाबा शिरसावर चढले. माझा गळपट्टा बुंध्याला आवळला, कप्पी अडकवली. मी लांब उभी राहून वर पाहत होते. करवत थांबली. फांदी सुटली, दोर करकचला, कुलदीपदादाने खालून ढील दिली, आणि एवढी मोठी फांदी पत्र्यांवरून हलकेच अंगणात येऊन टेकली. एक पत्रा वाजला नाही.

"ताई, पाह्य!" मी ओरडले, आणि बाजूला वळले.

बाजूला सायकल उभी होती.

"सारिका," बाबांनी वरून आवाज दिला, "खूण कुठं हाय? दिसते का खालून?"

मी मान वर करून नीट पाहिलं.

"जागेवरच हाय बाबा. कापा दुसरी."