देठासकट तोडलेला आंबा

मित्रांनो, मी एक जुना झेला आहे आणि आजकाल मला घडीभर चैन नाही. लांब काठी, टोकाला लोखंडी कडं, कड्याला पातं आणि खाली जाळी, एवढाच काय तो मी. आंबा देठासकट कापायचा आणि अलगद जाळीत झेलायचा, हे माझं काम. देठ राहिला की चीक सांडत नाही, आंबा टिकतो. रत्नागिरीजवळच्या हरिहरकाकांच्या बागेत मी तेरा वर्षं हेच केलं. "ह्याने एक आंबा आपटू दिला नाही," असं काका पाहुण्यांना सांगत, तेव्हा मी फुशारून जायचो. खोटं कशाला बोलू!

आमच्या बागेचा एक रिवाज आहे. खाली पडलेला आंबा उचलणाऱ्याचा, झाडावरचा मालकाचा. विमला इथे आंबे निवडायला यायची. या हंगामात तिची लेक भाविका पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. विमलाने विचारलं, "काका, लेकीला डोहाळे लागलेत. एक चांगलासा आंबा द्याल काय?"

"अगं, पडीचे ने की हवे तेवढे!"

"ते फुटके असतात हो. तिला अख्खा हवाय. घरात पिकत घालीन."

"आधी पेट्या जाऊ देत. मग बघू."

पेट्या रोज जात होत्या. विमला रोज वाट बघत होती.

परवा दुपारी सगळे जेवायला बसले असताना तिने मला उचललं. मी अडवायला हवं होतं का? पण झेल्याला तोंड कुठे असतं! मी आंबा कापला. एकच.

फाटकाशी काकांनी तिची पिशवी पाहिली. "पडीचा हाय," ती म्हणाली. काकांनी आंब्याचा कापलेला देठ तिच्यापुढे धरला. दिवसभर देठ जपणारी बाई ती, तो मोडून टाकायचं तिला सुचलंच नाही.

"उद्यापासून येऊ नकोस," काका म्हणाले. "गरिबी काय तुलाच आहे? ही गोदूबाई बघ, वीस वर्षांत पानालाही हात लावला नाही. माणूस मुळात चांगला असावा लागतो."

पेटीत पेंढा भरणारी गोदूबाई फटकन म्हणाली, "माझं नाव नका घेऊ, काका. माझ्या घरात मागणारं कोण हाय? लेक असती नि तिनं मागितला असता, तर मी काय केलं असतं, ते मलाच ठाव नाय."

विमला रिकामी पिशवी घेऊन गेली. तो आंबा पेटीत भरला गेला आणि संध्याकाळच्या गाडीने मुंबईला गेला.

तेव्हापासून मी खोपीत तळमळतोय. मला साखळीने बांधलंय. विमला चुकली? हो, चुकली. चोरी ती चोरीच. पण एवढं म्हणून माझा जीव थाऱ्यावर येत नाही, त्याला मी काय करू?

मित्रांनो, हंगाम संपत आलाय. भाविकाचे दिवसही भरत आलेत. वरच्या फांदीवर अजून चार आंबे आहेत. कुणीतरी माझी साखळी सोडा रे, आणि माझी काठी काकांच्याच हातात द्या.