आवळलेला नट

बशीत पितळी गिअर पडला होता. एकच दात तुटलेला, तोही मुळापासून. झिजून गेलेला दात आधी बोथट होतो. हा एका धक्क्यात गेला होता.

“पुन्हा?” मी विचारलं.

“दगडाला जरा धडकला,” सासरे म्हणाले. रिमोटवर चालणाऱ्या ट्रकांचं त्यांचं दुकान घराच्या पुढच्या खोलीतच आहे. दुरुस्तीचं टेबल माझ्याकडे. पदार्थविज्ञान शिकलेली सून आली, तेव्हा ते आपसूक माझ्या वाट्याला आलं.

ट्रकची चाकं वळवते ती छोटी मोटर म्हणजे सर्व्हो. तिच्या आणि चाकांच्या मध्ये स्प्रिंगचा एक सांधा असतो. चाक आपटलं की स्प्रिंग दबते आणि सर्व्होचे दात वाचतात. तिच्यावरचा नट मी बेतानं बसवते. मागाहून सासरे तो पान्यानं गच्च आवळतात, आणि मग स्प्रिंग असून नसल्यासारखीच.

“बाबा, नट तुम्ही परत आवळलात.”

“मला ढिलं काही चालत नाही. वळ म्हटलं की वळला पाहिजे.”

“आमच्यासारखा,” नवरा दारातून म्हणाला आणि एकटाच हसला.

“उद्या शर्यत आहे,” सासरे म्हणाले. “तू आहेस तोवर मला कसला घोर? मोडेना का. बस, घाल नवा गिअर.”

मी बसले. त्या खुर्चीच्या पाठीला भिंत, पुढे टेबल. बाहेर पडायची वाट सासऱ्यांच्या स्टुलावरून. प्रयोगशाळेतल्या नोकरीचं बोलावणं कधीच आलं होतं. प्रयोगशाळेला आज संध्याकाळपर्यंत उत्तर हवं होतं. हे नवऱ्याला ठाऊक होतं. “एवढी शर्यत होऊ दे, मग बाबांच्या कानावर घालू,” असं तो प्रत्येक शर्यतीआधी म्हणायचा.

गिअर बसवला, ग्रीस लावलं. बोटानं ढकललं तर चाक किंचित हटेल, इतपतच नट फिरवला. ट्रक पुढे सरकवताच सासऱ्यांचा हात पान्याकडे गेला. चाक हलवून न बघताच.

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो मोबाइलमध्ये बघू लागला.

“आवळा,” मी म्हणाले. “पण यापुढे तुटला तर गिअर तुम्हालाच घालावा लागेल, बाबा. मी प्रयोगशाळेतली नोकरी धरतेय. जरा सरका, मला उठायचंय.”