माझ्या सर्व्हरचा लॉग

बावीस वर्षं सर्व्हर सांभाळतोय, म्हणून ऑफिसात मला सगळे काका म्हणतात आणि मी उगाच फुगतो. त्या मंगळवारी माझी हवा कशी निघाली ते ऐका.

सकाळी आल्या आल्या बघतो तर आमची दोन्ही मोठी मशिनं स्क्रीनवर लाल. एकेका मशिनच्या पोटात वीस-पंचवीस आभासी सर्व्हर चालतात आणि त्या सगळ्यांवर माझा एक मुख्य सर्व्हर लक्ष ठेवतो. मशीन जोडलं की हिरवं व्हायचं, मिनिटभरानं पुन्हा लाल. परत जोडलं, परत लाल. सव्वानऊला मी निदान करून मोकळा झालो: नेटवर्क!

नेटवर्क सांभाळणारी मुलगी सहा महिन्यांपूर्वी लागलेली. साहेब तिला कायम करणार की नारळ देणार, हे त्याच दिवशी चार वाजता ठरणार होतं. मला ते चांगलं माहीत होतं. तरी मी साहेबांना मेल ठोकला: "दोष नेटवर्कचा. निष्काळजीपणा." 'निष्काळजीपणा' आपला शोभेला.

ती आली. "काका, माझ्या बाजूनं मशिनांचं सगळं नीट जाताना दिसतंय. तुमच्या मुख्य सर्व्हरचा लॉग बघितलात का?"

"अगं, तो मी स्वतः उभा केलाय!"

हे माझं शहाणपण. दोन्ही मशिनांचे लॉग, म्हणजे त्यांच्या आपोआप होणाऱ्या नोंदी, मी ओळ न ओळ वाचले, चहाचं पाणी झालं. माझ्या सर्व्हरचा मात्र उघडला नाही. आपलंच काम आपण काय तपासायचं? जेवणाआधी तिनं पुन्हा विचारलं, तेव्हा चारचौघांत म्हणालो, "तू आधी तुझ्या वायरी बघ." लोक हसले. नंतर तिनं काही विचारलं नाही.

तीन वाजता, हिला एकदाचं दाखवून द्यावं म्हणून, मी तो लॉग उघडला.

प्रत्येक मशीन दर थोड्या सेकंदांनी "मी जिवंत आहे" असा निरोप पाठवतं. मिनिटभर निरोप आला नाही की मुख्य सर्व्हर त्याला मेलेलं धरतो. निरोप व्यवस्थित येत होते. माझ्याच सर्व्हरची फायरवॉल ते दारात अडवत होती. ते दार बंद करायचा नियम काल संध्याकाळचा, लावणाऱ्याचं नाव माझं. घरी निघता निघता मला सुरक्षेचा उत्साह आला होता आणि बसच्या घाईत मी तो विसरूनही गेलो होतो. शेजारी शेरा: "अनावश्यक. कुणीही उघडू नये." तोही माझाच, बरं का.

माझ्या नावाची ती ओळ लॉगमधून पुसायचे अधिकार माझ्याकडेच होते. खोटं कशाला बोलू, बोट तिथवर गेलं. मग स्वतःचीच किळस आली. नियम काढला. दोन्ही मशिनं हिरवी झाली, पाच मिनिटं झाली तरी हिरवीच. लॉग छापून घेतला आणि धापा टाकत जिने चढून साहेबांच्या खोलीत घुसलो. ती तिथे आधीच उभी होती.

"साहेब, चूक माझी आहे. हा घ्या पुरावा."

साहेबांनी लॉग वाचला आणि टेबलावरचा एक कागद माझ्यापुढे सरकवला. तिच्या अक्षरात लिहिलं होतं, "चूक माझ्याकडून झाली असावी." खाली सही.

"अगं, सही कशाला केलीस? तुला तर सगळं दिसत होतं!"

"दिसत होतं. पण तुम्ही बावीस वर्षं हे करताय. वाटलं, मलाच नीट बघता येत नसेल."

साहेबांनी तो कागद फाडला आणि तिला कायम केल्याच्या पत्रावर सही केली. मला काय ऐकवलं ते सांगत नाही, पण कमीच होतं. तिनं पत्र घेतलं, वाचलं नाही. बघत माझ्याकडेच होती.

"म्हणजे काका, सकाळी मी बरोबर होते?"

"दोन्ही वेळा," मी म्हणालो.

तेव्हा कुठे ती रडली.