उजवीकडचा फोटो

"तुम्ही फार दमलेल्या दिसता," असं बँकेतले साहेब म्हणाले. तीन काउंटरांचं काम मी एकटी रेटत होते, तेव्हा दिसतच असणार. साहेबांनी माणसं वाढवली नाहीत. बढतीच्या मुलाखतीआधी मीच जरा टवटवीत होऊन यावं, असं सुचवलं. नणंदेने दवाखान्याचा पत्ता दिला. "वहिनी, तासाभराचं काम. डोळ्यांखालच्या पिशव्या काढतात, बस." पिशव्या माझ्या, पत्ता तिचा, अक्कल कोणाचीच नाही.

डॉक्टरांनी पिशव्यांसोबत कातडीही काढली, सढळ हाताने. तेव्हापासून उजवी खालची पापणी लोंबते, डोळा मिटत नाही, पाणी वाहतं. पासबुक पुढे सरकवताना लोक हळूच विचारतात, "कोण गेलं, ताई?" बढती गेली, असं सांगावंसं वाटतं. नवरा म्हणतो, "झोपेतही पाळत ठेवतेस. बावीस वर्षं झाली, आता कुठे पळणार मी?"

आठ महिने डॉक्टरांचं एकच पालुपद: "सूज आहे. बसेल." शेवटी दुसऱ्या सर्जनकडे गेले. ते म्हणाले, "बुबुळ कोरडं पडतंय, उशीर केलात तर नजर जाईल. किती कातडी कापली ते त्यांच्याकडून लिहून आणा, मग दुरुस्त करतो."

म्हणून परत त्या दवाखान्यात गेले. बाहेरच्या खोलीत भिंतीवर फोटोंच्या जोड्या होत्या, डावीकडे 'आधी', उजवीकडे 'नंतर'. तिसऱ्या फ्रेममध्ये मी. 'आधी'खाली लोंबलेला लाल डोळा. 'नंतर'खाली माझे जुने धडधाकट डोळे, पिशव्यांसकट.

"हे कोणी लावलं?" मी काउंटरवरच्या बाईंना विचारलं.

"मीच. चांगला फोटो उजवीकडे, असं सांगितलंय आम्हाला." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं आणि रजिस्टरात डोकं घातलं.

मी फ्रेम उतरवली, मांडीवर उभी धरली आणि खुर्चीत बसले. शेजारच्या बाईंचा नंबर पुढचा होता. "काय झालं हो डोळ्याला?"

"सूज आहे म्हणे. बसेल."

त्यांनी फोटो पाहिले, मला पाहिलं, पर्स उचलली आणि गेल्या. त्यांच्यामागून आणखी एक गेली.

डॉक्टर बाहेर आले. "मॅडम, फोटोंची अदलाबदल झाली, चुकून. आत या, शांतपणे बोलू."

"आत आठ महिने शांतपणे बोललो. आता किती कातडी कापली ते इथे बाहेर लिहून द्या. चूक त्या बाईंची नाही. त्यांना दिसतं तेवढं तरी तुम्हाला दिसायला हवं होतं."

दारातून तिसरी बाई आत येत होती. डॉक्टरांनी उभ्या उभ्याच लिहून दिलं: उजव्या खालच्या पापणीची कातडी गरजेपेक्षा चार मिलिमीटर जास्त काढली गेली. खाली सही, शिक्का.

"आता ती फ्रेम द्या."

"दुसऱ्या डॉक्टरांना नमुना लागेल," मी म्हणाले. "त्यांना डोळे उजवीकडच्या फोटोसारखे करायचेत." आणि फ्रेम काखोटीला मारून निघाले.