शून्य मैल डावीकडे

आखातातल्या या देशात मी नोकरीला होतो, तेव्हा इथे आगगाडी नव्हती. जबल अलीच्या बंदरात क्रेनखाली रूळ होते, पण ते धक्क्याच्या एका टोकाला सुरू होऊन दुसऱ्या टोकाला संपायचे. अण्णांना फोनवर हे सांगितलं तर म्हणाले, “मग त्यांना रूळ कशाला म्हणतोस?”

अण्णा म्हणजे माझे वडील. कासारखेड ते पिंपळदरी या नॅरोगेजच्या रुळांची देखभाल त्यांनी बत्तीस वर्षं केली. १९९७ साली लाइन ब्रॉडगेज होणार, जुने रूळ उखडणार, असं कळलं. त्याच वर्षी डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदूनं नजर फार दिवस टिकायची नाही. अण्णांनी पेन्सिलीनं चौदा कागद भरले. आधी एकेरी लाइन, सव्वीस साली वडनेरला गाड्या एकमेकींना वाट देतील अशी लूप, महायुद्धात तिसरी लाइन, पुढे कापसाच्या जिनिंगच्या कारखान्याकडे फाटा, अठ्ठ्याहत्तरला तो उखडला. मार्चमध्ये गावाकडच्या रजेवरून इथे परतणाऱ्या माझ्या मित्राबरोबर, चारुदत्तबरोबर, ते कागद आले. सोबत चिठ्ठी: ‘तू ड्राफ्ट्समन आहेस. सगळी लाइन एका कागदावर काढ. नजर आहे तोवर एकदा अख्खी बघू दे.’

काम महिन्याभराचं. मी आठ महिने लावले.

बायको-मुलगा शाळेसाठी पुण्याला गेल्यापासून सुट्टीचा शुक्रवार मला खायला उठायचा. जुम्म्याची नमाज संपली की खालची दुकानं उघडायची, माणसं सहकुटुंब बाहेर पडायची, आणि मी गॅलरीत उभा. त्या चौदा कागदांनी मला शुक्रवार दिले. रेघा पहिल्याच महिन्यात काढून झाल्या. मग स्टेशनांची नावं, साल, पुलांचे नंबर. अक्षरांचं वळण तीनदा बदललं. खरं सांगायचं तर मला ते संपवायचंच नव्हतं.

प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात अण्णांनी लिहिलं होतं, ‘शून्य मैल डावीकडे.’ शून्य मैल म्हणजे कासारखेड, आणि ते तर पूर्वेला. आमच्या ऑफिसात गोदामाचा नकाशा असो नाहीतर गटाराचा, उत्तर वर. म्हणजे कासारखेड उजवीकडे जाणार. म्हाताऱ्याला दिशा समजत नाहीत, असं म्हणून मी शहाण्यानं ते सुधारलं.

नोव्हेंबरात ऑफिसातल्या शहनाझनं प्लॉटरमध्ये कागद लावला. “सदानंदभाई, आठ महीने से सुन रही हूँ। नॉर्थ ऊपर है ना? बस, खलास! यल्ला, चलो, प्रिंट मारो।”

कुरियर पोचल्यावर शुक्रवारी फोन केला. बहीण मंजुषानं उचलला. “दादा, नकाशा लावलाय भिंतीला. पण अण्णांनी उलटा लावायला लावलाय, खालची बाजू वर. शेजारचे येऊन हसतात.”

अण्णांनी फोन घेतला. “अरे, गाडी निघते तिथून कागद सुरू होतो. आम्ही डावीकडून वाचतो. उत्तरेला जायचं होतं कुणाला?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “अण्णा, सॉरी. फाइल रेडी आहे, उद्याच करेक्ट करून नवीन प्रिंट पाठवतो. उलट्या कागदावर अक्षरंही उलटी झाली असतील.”

“नको. उलटा धरला की सगळं जागच्या जागी येतं. वडनेरची लूप दिसते, जिनिंगचा फाटा दिसतो. रेघा जाड काढल्यास ते बरं केलंस.”

“आणि नावं? सालं?”

“अक्षरं दिसत नाहीत रे आता. गणपतीपासून नाही दिसत.”

गणपतीत मी पुलांचे नंबर दुसऱ्यांदा लिहीत होतो.

“एवढा वेळ का लागला रे?” त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता.

ऑफिसात काम होतं, असं सांगणार होतो. तोंडातून निघालं, “अण्णा, इथे शुक्रवारी मला काही नसतं.”

अण्णा म्हणाले, “मला तरी कुठे असतं? आधी सांगायचंस. मी आणखी कागद पाठवले असते. तेव्हा दिसत होतं.”